पायडलवरची सहा हजार पावलं

तू आधी नुसतं ऐक गं, मध्ये बोलू नकोस. बाबांच्या पायाचं माहितीये ना तुला, रक्तवाहिन्या चोंदल्यात. शंभरेक पावलं टाकली की पोटरी अशी आवळते की थांबावंच लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला, रक्ताला नव्या वाटा फुटतील. तीन महिने बघू, नाहीतर ऑपरेशन.

मग मी तो पावलं मोजणारा मनगटी पट्टा आणला. ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आधी आकडा विचारायचे. सहा हजार. सहा हजार दोनशे. ऑफिसात सगळ्यांचे कान किटवले मी, आमचे बाबा बघा म्हणून.

काल तपासणी झाली. पाऊल तसंच गार. डॉक्टरीणबाईंनी आकडे बघितले आणि म्हणाल्या, एवढं चालूनही फरक नाही म्हणजे चालण्याने भागणार नाही, सोमवारी ऑपरेशन करू. मी तिथेच रडले. बाबा आपले छताकडे बघत.

आज दुपारी ऑपरेशनच्या कागदावर सही घ्यायला त्यांच्या शिलाईच्या दुकानात गेले. मशीन खटखट चालू. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही, बाबा मजेत पेपर वाचतायत, पाय पायडलवर. आणि पट्टा घोट्याला, इलॅस्टिक जोडून लांब केलेला.

"हे काय, बाबा?"

"पायच हलतोय ना? व्यायाम तो व्यायाम."

"बसून पोटरी दुखते का तुमची?"

"तेच तर बरंय. रस्त्यात दर खांबाला थांबलो की तो न्हावी ओरडतो, काय मास्तर, खांब मोजताय का?"

आता खरं ऐक. इलॅस्टिकला हातशिलाई होती, बारीक उलटी टीप. बाबा हाताने बटणसुद्धा लावत नाहीत. ती टीप आईची. घरी येऊन विचारलं तर भाजी निवडत म्हणते, "रोज त्यांच्या मागे लागायचीस. म्हटलं, तुझं समाधान तरी होईल."

माझं समाधान. तीन महिने दोघं मिळून माझं समाधान करत होते.

आणि बाबा म्हणतात, ऑपरेशन होऊ दे, पण डॉक्टरीणबाईंपुढे माझी लाज काढलीस तर तुझं-माझं बोलणं संपलं. खरं सांगितलं तर त्या कदाचित ऑपरेशन थांबवतील, चालायला अजून तीन महिने देतील. पण चालतील का ते? डॉक्टरीणबाईंचा नंबर काढून बसलेय मघापासून. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?