तुळशीचा उपास

“एकादशीला तुळशीला पाणी घालू नकोस हं, उत्तरा. तिचाही उपास असतो. तोही निर्जळी.”

रेवतीकाकूंनी हे सांगितलं तेव्हा उत्तरा लग्न होऊन दिंडोशीच्या या इमारतीत नुकतीच राहायला आली होती. व्रतांची वाट तिला शेजारच्या या काकूंनीच दाखवली. पुढे काकूंचे गुडघे गेले, गेल्या वर्षी काकूही गेल्या. पण एकादशीच्या सकाळी तांब्या उचलला की तो आवाज कानाशी यायचा आणि उत्तराचा हात आपोआप थांबायचा.

आता घोळ असा झाला होता, की काकूंचे यजमान, शरच्चंद्रकाका, नेमकं उलट सांगून गेले होते.

गच्चीवर काकूंच्या तुळशी होत्या. अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपांत ओळीनं लावलेल्या कृष्णतुळशी, दरवर्षी बी धरून काकूंनी जगवलेल्या. दुकानातलं खत त्यांना ठाऊकच नव्हतं. गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि झाडाखालची मूठभर माती पाण्यात कालवून मुरत ठेवायचं, की जीवामृत तयार. त्यात भरपूर पाणी मिसळून ते मुळाशी घालायचं. काकूंच्या मागे काका ते करत. देवाला हात न जोडणारा माणूस, पण शेणात कोपरापर्यंत हात घालताना कधी नाक मुरडलं नाही.

मग काकांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आणि मुलगा केयूर त्यांना मुलुंडला घेऊन गेला. निघण्याआधी काकांनी जीवामृत कालवून ठेवलं होतं. लिफ्टपाशी ते उत्तराला म्हणाले, “एकादशीला घाल. रेवती एकादशीलाच घालायची. तिचं एवढंच राहिलंय गं माझ्याकडे.”

उत्तरा “हो काका” म्हणाली. लिफ्ट खाली गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय कबूल करून बसलो ते.

ज्या काकूंनी तिला तुळशीचा उपास शिकवला, त्या स्वतः तो मोडत होत्या? आणि नुसतं पाणी असतं तर एक वेळ समजलं असतं, पण यात बेसन. एकादशीला डाळीचं पीठ! तिनं राजेशला विचारलं. तिचा नवरा पेपरामागूनच म्हणाला, “मग शिंगाड्याचं पीठ घाल की.” उत्तराला हसू आलं नाही, कारण घटकाभर तिच्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

देवळातल्या गुरुजींचं म्हणणं पडलं, की एकादशी टाळावी, द्वादशीला घालावं, फक्त त्या दिवशी पानं तोडू नयेत. नणंद गंधालीचं म्हणणं, खत म्हणजे काही पाणी नव्हे, खुशाल घाल. ऐकताना दोघांचंही पटायचं. घरी आली की एकाचंही पटायचं नाही.

या विचारात एकादशी निघून गेली. द्वादशीला पारण्याची घाई. शिवाय पानं तोडू नयेत म्हणजे हातही लावू नये की काय, ही नवीनच शंका. मग प्रदोष. मग पाहुणे. अखेर ती गच्चीवर गेली तोवर काकांनी कालवून ठेवलेल्या जीवामृतात अळ्या झाल्या होत्या. ते सगळं तिनं खाली माडाच्या बुंध्याशी ओतलं. पुढे उन्हानं तुळशी माना टाकू लागल्या, खालची पानं पिवळी पडून गळू लागली. उपाशी राहिल्या म्हणून, की आपल्या मनात नको त्या शंका आल्या म्हणून? उत्तराला काही उमजेना.

अशात मुलुंडहून काकांचा फोन आला. आवाज अगदी पातळ झालेला. “घातलंस ना गं?”

तिनं त्यांना जास्त बोलू नका म्हणून दटावलं आणि उत्तर टाळलं. काका म्हणाले, बरं वाटलं की घरी येईन, आणि आलो की आधी गच्चीवर जाईन.

पुढच्या एकादशीच्या आधीच ती बसनं आरे कॉलनीत गेली. तिथं जिकडे पाहावं तिकडे म्हशी. गावठी गाय होती ती शिवदासच्या तबेल्यात, काकू तिथूनच शेण आणायच्या. शेण ताजं हवं, पण गोमूत्र जितकं जुनं तितकं चांगलं, असं सांगत त्यानं कोपऱ्यातला एक जुना डबा पुढे केला. जन्मभर देवाला शिळं वर्ज्य मानलेल्या बाईनं तोही मुकाट्यानं घेतला. मग तिनं विचारलं, काकू कुठल्या दिवशी यायच्या?

“एकादशीलाच,” शिवदास म्हणाला. “उपास म्हणून चहासुद्धा घ्यायच्या नाहीत.”

उत्तराला हायसं वाटलं. म्हणजे एकादशीला काकू शेण न्यायच्या, कालवायच्या, आणि घालायच्या मुरल्यावर. काकांनी कालवणंच पाहिलं असणार. गाठ सुटली म्हणायची.

तेवढ्यात गोठ्यातून शिवदासच्या बायकोचा, शेवंतीचा आवाज आला. “काय पण सांगता! दर खेपेला माझ्या हातचा चहा प्यायच्या त्या. तुम्ही असायचा कुठे?”

नवरा-बायकोची तिथंच जुंपली. कुठली एकादशी, कुठला चहा. उत्तरा बादली धरून दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि गाठ होती तिथं परत आली.

घरी येऊन तिनं सगळं कालवलं. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळलं, प्रदक्षिणेच्या दिशेनं. हळूहळू वर फेस धरला, आंबूस वास सुटला, आणि ते तयार झालं तोवर एकादशी उजाडली.

पूजा करून ती उठते आहे तोच फोन वाजला. काका होते. “आज एकादशी ना गं?” एवढंच त्यांनी विचारलं.

जन्मात कधी पंचांगाकडे न पाहिलेल्या माणसानं अंथरुणात पडून तिथी शोधली होती.

“हो काका,” ती म्हणाली. “घालते.”

राजेशनं चहाचं आधण ठेवलं होतं. एकादशीला तिला चहा चालायचा. तिनं नको म्हटलं, आणि प्यायला भरून घेतलेला पाण्याचा पेलाही माठात परत ओतला.

“पाणीसुद्धा नाही? एवढ्या उन्हात?” राजेशनं विचारलं.

“तुळशीचा उपास आज माझ्याकडे,” उत्तरा हळूच म्हणाली. “ती जेवणार आहे.”

राजेशनं गॅस बंद केला.

असं करणं शास्त्रात बसतं का, तिला माहीत नव्हतं. काकू असत्या तर हसल्या असत्या की रागावल्या असत्या, तेही सांगता येत नव्हतं. तिनं पदर खोचला. लिफ्टमध्ये वास राहील म्हणून ती जिन्याकडे वळली, आणि बादली हिंदकळू न देता एकेक पायरी चढू लागली.