डावा स्पीकर

आमच्या नव्या टीव्हीचा आवाज मागच्या बाजूने निघतो, त्यामुळे तो बहुधा भिंतीलाच नीट ऐकू येतो. समोर बसणाऱ्याच्या वाट्याला नुसती कुजबुज. मग सासरे आवाज वाढवत नेतात आणि बातम्या देणारी बाई स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन ओरडते.

माझी मुलगी अकरा महिन्यांची आहे. आम्ही तिला ठकी म्हणतो. हाक मारली की कधी बघते, कधी नाही. "हिला ऐकायला कमी येतंय असं वाटतं," हे मी दोन महिने सांगतेय. नवरा म्हणतो, तुझ्या डोक्यात किडा शिरलाय. सासरे म्हणतात, "या घरात कोण कुणाचं ऐकतं? घरावरच गेलीय पोर." दवाखान्याचा नंबर मी फोनमध्ये ठेवलाय. अजून लावलेला नाही. खरंच निघालं तर काय, या भीतीने.

रविवारी सकाळी मीच सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, माळ्यावरचे जुने स्पीकर लावू या का? नवीन काही घ्यायला नको, आणि आवाज कमी ठेवूनही तुम्हाला नीट ऐकू येईल."

"मला नीटच ऐकू येतं. ते लोक तोंडातल्या तोंडात बोलतात."

पण उठले. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात घालवलेली. नवरा कामावर होता, तेव्हा शिडीवर मी चढले. दोन लाकडी स्पीकर, एक अॅम्प्लिफायर, आणि माझ्या केसांत धूळ. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर काढून अॅम्प्लिफायरला दिली. तारा मी सोलल्या, त्यांनी डोळे बारीक करून पाहिल्या.

"लाल लालला, काळी काळीला. कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?"

"कॉलेजात इतिहास होता, बाबा."

टीव्हीच्या डाव्या अंगाला एक स्पीकर, उजव्या अंगाला दुसरा. मधोमध चटईवर, टीव्हीकडे तोंड करून ठकी. आवाज अगदी थोडा ठेवला, तरी शब्द न् शब्द कळत होता. बाबा खूश झाले, पण तसं म्हणाले नाहीत.

"आता एकेक तपासू," म्हणत त्यांनी बॅलन्सचं बटण उजवीकडे फिरवलं. फक्त उजवा वाजू लागला. ठकीने उजवीकडे मान वळवली. त्यांनी बटण डावीकडे फिरवलं. ठकीने पुन्हा उजवीकडेच पाहिलं.

मी हातातली पकड खाली ठेवली.

"तारा उलट्या लावल्यास तू," बाबा म्हणाले. गुडघे धरत उठले आणि डाव्या स्पीकरच्या कापडावर तळवा ठेवला. कापड थरथरत होतं. ते वाकून उजव्याकडे गेले. तो गप्प होता. आवाज जरा वाढवला. ठकी त्या गप्प स्पीकरकडे बघत राहिली, कोण बोलतंय ते शोधत.

"हिला उलटी बसव. पाठ टीव्हीकडे."

मी बसवली. आता तोच डावा स्पीकर तिच्या उजव्या कानाच्या बाजूला आला. ती थेट त्याच्याकडे वळली आणि हसली.

बाबांनी टीव्ही बंद केला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. दुकानात गिऱ्हाइकाला रेडिओ आता दुरुस्त होणार नाही हे सांगायची वेळ यायची तेव्हाही ते असेच बसत असतील. एकदा तरी माझं चुकावं, असं दोन महिने मला वाटत होतं. आता रडूही येईना, नुसती पाठ दुखत होती.

"नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव," ते म्हणाले.

पलीकडून बाईंनी वय विचारलं, मग तक्रार विचारली.

"डाव्या कानाने ऐकू येत नाही असं वाटतं," मी म्हणाले.

"वाटतं नको म्हणू," बाबा मागून म्हणाले. ठकी त्यांच्या मांडीवर होती, त्यांच्या चष्म्याची दांडी चावत. "घरी तपासून पाहिलंय म्हणून सांग. सासऱ्यांनी तपासलंय म्हण."

मी तसंच सांगितलं. गुरुवारी साडेदहाची वेळ मिळाली.