ओल्या फळीवरची अँटेना

कणकवलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या स्वप्नाने प्रोजेक्टसाठी काडेपेटीएवढ्या पट्टीवर तांब्याची अँटेना कोरली होती. अँटेनाला दोन हात होते. लांब हाताने किनाऱ्याला निरोप पाठवायचा, आखूड हाताने उपग्रहाकडून होडीचा ठावठिकाणा घ्यायचा. तोंडवलीच्या लवूमामाच्या छोट्या होडीवर मोठं यंत्र मावणार कुठे?

कॉम्प्युटरवर दोन्ही फ्रिक्वेन्सी नेमक्या बसल्या. पण होडीच्या भिजलेल्या फळीवर चिकटवल्यावर लांब हाताची फ्रिक्वेन्सी खाली घसरली आणि निरोप पोचेना.

मार्गदर्शक दत्तप्रसाद सरांनी आलेख पाहिला.

“परवा तोंडी परीक्षा. कॉम्प्युटरचाच आलेख ‘मोजलेला’ म्हणून लाव. सगळे तेच करतात.”

“मी नाही लावणार, सर.”

“मार्गदर्शकाचे गुण माझ्या हातात आहेत, हे लक्षात ठेव.”

“ठेवलं, सर.”

बोलून गेली खरी, पण तोंडवलीच्या एसटीत ती तो घसरलेला आलेख पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. किनाऱ्यावर लवूमामा जाळं विणत बसला होता.

“काय गो, तोंड कित्याक पाडलंस?”

“ओल्या फळयेर माझी अँटेना चलना नाय, मामा.”

“मगे होडी सुकी खंय रवतली? ती भिजतलीच. तुझा यंत्रच तसा बनव.”

स्वप्ना तशीच उठली. प्रयोगशाळेतून मागून आणलेला फ्रिक्वेन्सी मोजायचा मीटर जोडला आणि ओल्या फळीवरच ब्लेडने लांब हाताचं टोक कापायला घेतलं. जास्त कापलं तर जोडता येणार नव्हतं. एक केसभर काप, मग दुसरा. फ्रिक्वेन्सी वर सरकू लागली. तिसऱ्या कापाला ती जागेवर आली. मामाने होडी पाण्यात लोटली. सहा किलोमीटरवरून त्याचा निरोप स्वप्नाच्या लॅपटॉपवर उमटला.

परीक्षेत तिने दोन्ही आलेख लावले, बिघडलेला आणि सुधारलेला.

“बिघडलेला कशाला दाखवता?” बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं.

“तोही मीच मोजलाय, मॅडम. तो लपवला असता तर दुसरा सापडलाच नसता.”

बाई बराच वेळ प्रश्न विचारत राहिल्या. सर खिडकीबाहेर बघत होते.

निकालात बाईंचे गुण भरघोस होते, सरांचे जेमतेम पासापुरते. स्वप्नाला ते झोंबलं. वर सरांनी फर्मावलं, “मॉडेल कॉलेजच्या कपाटात जमा कर.”

“ते होडीवर आहे, सर,” ती म्हणाली. “आणि मामा समुद्रात गेलाय.”