प्रेमलाच्या आवाजाच्या तीन प्रती

पुराच्या साली विश्वामित्रीतली एक मगर माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून निजामपुऱ्यापर्यंत आली होती. ही गोष्ट मी बडोद्यात इतक्यांना सांगितली आहे की आता दोघे-तिघे ती मगर स्वतः पाहिल्याचं सांगतात. एकाने तर तिला उतरताना हात दिला होता म्हणे. सांगायचं एवढंच, की त्या मगरीला मी घाबरलो नव्हतो. कोयलीच्या रिफायनरीत पस्तीस वर्षं काढली, दोनदा आग पाहिली, तेव्हाही माझा चहा सांडला नव्हता. पण त्या शनिवारी दुपारी, भर उन्हात, पंखा चालू असताना, माझ्या घरातल्या खुर्चीवर बसून मी असा घाबरलो की दात एकमेकांवर वाजत होते. हे मात्र खरं आहे. खोटं वाटत असेल तर सुभानरावांना विचारा. तेही माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत, पण हे खरं मानतात.

माझी बायको प्रेमला शाळेत मराठी शिकवायची. तिचा आवाज असा, की शेवटच्या बाकावरचं पोरगं झोपेतून उठून शुद्ध लिहायला लागायचं. तीन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ जाईल, पण आवाजही जाईल. ऑपरेशनला एकवीस दिवस होते. प्रेमला रडली नाही. संगणकासमोर माईक घेऊन बसली आणि एकवीस दिवस बोलत राहिली. आरत्या, अंगाईगीतं, बाळंतिणीच्या लाडवांची कृती, नातवाला सांगायच्या गोष्टी. मला रागावतानाचंसुद्धा रेकॉर्ड करून ठेवलं. "पुढे लागेल," म्हणाली. एकूण एकशे चौदा फायली झाल्या. आता ती पाटीवर लिहून बोलते. आणि दर शनिवारी दुपारी साडेतीनला आम्ही दोघं शेजारी बसून एक फाइल ऐकतो. एकच. पुरवून पुरवून. संपल्या की पुन्हा पहिलीपासून.

तेव्हाच ती मला म्हणाली होती, "अहो, याच्या प्रती करून ठेवा."

"केल्या की!" मी म्हणालो. "तीन. एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक ध्रुवकडे पुण्याला, एक सुभानरावांच्या तिजोरीत."

एकही केली नव्हती. उद्या करू म्हणत राहिलो. शिवाय सुभानरावांकडे तिजोरीच नाही. पण बोलताना ती मला दिसली, हिरव्या रंगाची, पितळी मुठीची. माझं असंच होतं.

आमच्या संगणकावर उबुंटू होतं. नातवाने, ध्रुवने, शाळेत असताना घालून दिलेलं. संगणक चालवणारी यंत्रणा, विंडोजसारखीच, फुकटातली. पण या वर्षी पडद्यावर रोज एक पाटी यायला लागली, की ही आवृत्ती आता जुनी झाली, हिला यापुढे संरक्षण मिळणार नाही. नवी आवृत्ती आमच्या म्हाताऱ्या यंत्राला झेपेना. चालू केलं की चहा होऊन, पिऊन, कप विसळेपर्यंत नुसतं गोल गोल फिरायचं. त्यातच पेपरात वाचलं की चोर हल्ली लोकांचे आवाज पळवतात आणि त्या आवाजात नातेवाइकांना फोन करतात. झालं. माझी झोप उडाली. उघड्या दारातून कुणीतरी शिरून प्रेमलाचा आवाज घेऊन जाईल आणि तो आवाज कुठल्या तरी परक्या घरात बोलेल, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना.

ठरवलं, उबुंटू बदलायचं.

सुभानराव माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, रिफायनरीत इलेक्ट्रिकल विभागात होते, आमच्याच गल्लीत राहतात. त्यांचं म्हणणं, "वसंता, डेबियन घाल. उबुंटू त्यातनंच निघालंय. मूळपुरुष आहे तो. हलत नाही, डुलत नाही."

"मग तुमच्यासारखंच की."

"बस, बस! फेडोरा घेशील तर दर सहा महिन्यांनी नवा अंगरखा शिवावा लागेल. एवढी ताकद छे तुझ्यात?"

फरसाणच्या दुकानात चिमूटभर चाखायला देतात, तसं या यंत्रणांचंही असतं. पेनड्राइव्हवर घ्यायच्या, चालवून बघायच्या, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. मी तीन चाखल्या. फेडोराने यंत्राला धाप लागली. डेबियन चाललं झकास, पण वायफाय पकडेना, मूळपुरुषाला नव्या गोष्टी आवडत नसाव्यात. तिसरं मिंट. हलकं, सरळ, आणि खाली डाव्या कोपऱ्यात यादी, प्रेमलाला सवय होती तशी. तिला दाखवलं. तिने पाटीवर लिहिलं, "हे चालेल. प्रती आहेत ना?"

"तीन," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

शनिवारी सकाळी तिने मला डबा देऊन बाजव्याला पाठवलं, रिफायनरीतल्या जुन्या सोबत्याला, गोविंदरावांना, थालीपीठं पोहोचवायला. गोविंदराव आजारी आहेत असं पाटीवर होतं. जाऊन बघतो तर गोविंदराव अंगणात सायकल धूत होते. परत आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. प्रेमला भाजीला निघाली होती. संगणकाच्या टेबलाखाली एक बारका स्क्रू पडला होता. मी तो उचलून खिशात टाकला, आणि तिथेच माझी अक्कलही बहुतेक खिशात पडली.

म्हटलं, ती यायच्या आत उरकून टाकू, खूश होईल.

पेनड्राइव्ह लावला. मिंटने विचारपूस सुरू केली. मग म्हणालं की या संगणकावर कोणतीही यंत्रणा आढळली नाही. आता, शून्य दाखवणाऱ्या काट्यावर कधी विश्वास ठेवू नये, हे मीच नव्या पोरांना पस्तीस वर्षं शिकवलं. पण त्या दिवशी घाईत होतो. पुढे विचारलं, संपूर्ण डिस्क पुसून नवं घालू का, की दुसरं काही?

इथे माझ्या हाताने घात केला. डोक्याने नाही, हाताने. रिफायनरीत कुठलंही भांडं उघडायचं म्हटलं की पहिला नियम असतो, पूर्ण रिकामं करा. थेंब राहिला तर माणूस मरतो. अर्धवट रिकामं भांडं दिसलं की माझ्या अंगावर आजही काटा येतो. आणि भांड्यातून जे काढतात ते वाया जात नाही. ते एका वेगळ्या टाकीत जमा होतं, तिला आम्ही स्लॉपची टाकी म्हणायचो. काम संपलं की त्यातलं तेल परत घ्यायचं. पस्तीस वर्षांत रिकामं केलेलं काही हरवलं, असं मी पाहिलेलं नाही.

हाताने 'पुसा' दाबलं. मिंटने पुन्हा विचारलं, नक्की? हाताने 'हो' दाबलं.

पडद्यावर पट्टी सरकायला लागली. मी पुण्याला ध्रुवला फोन लावला, मिरवायला.

"आजोबा, सही! डिस्क इरेज केलीत?"

"पूर्ण. थेंब ठेवला नाही. आता सांग, जे निघालं ते कुठल्या टाकीत बघायचं?"

"कुठल्या टाकीत?"

"अरे, जुनं सगळं. आजीच्या फायली."

"टाकी-बिकी काही नसते, आजोबा. पुसलं म्हणजे गेलं." मग हसून म्हणाला, "पण तुमच्याकडे तीन प्रती आहेत ना? आजीने मेसेजमध्ये लिहिलं होतं. मग काय टेन्शन! एक मिनिट... एक माझ्याकडे आहे असं होतं त्यात. आजोबा, मला कधी दिलीत?"

मी फोन ठेवला.

पट्टी साठ टक्क्यांवर होती. मी उठलो आणि भिंतीतला प्लग ओढला. पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत एक म्हातारा तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. मी प्लग परत लावला. पडद्यावर दोन ओळी आल्या, की काही सापडत नाही. आत काही नव्हतं. उबुंटू नव्हतं, मिंट नव्हतं, अंगाई नव्हती, लाडवांची कृती नव्हती.

मी तिचा आवाज आठवून बघायला लागलो. "अहो," एवढंच, ती कसं म्हणायची? आठवला. मग वाटलं, हा मीच रचलेला तर नाही? मगरीसारखा? सुभानरावांच्या तिजोरीसारखा? माझ्या डोक्यात खऱ्या-खोट्याचं कुंपण कधी नव्हतंच. उद्या त्यात तिचा आवाज मिसळून गेला तर मला कळणारही नाही. तेव्हा दात वाजायला लागले.

फाटकाची कडी वाजली.

प्रेमला आली. भाजी ठेवली, हातपाय धुतले. माझ्याकडे बघितलं, संगणकाकडे बघितलं. मी जेवलो नाही. तिने विचारलं नाही. साडेतीन वाजता पदराला हात पुसत येऊन शेजारच्या खुर्चीवर बसली. पाटीवर लिहिलं, "एकसष्टावी. लावा."

"अगं, वीज गेली आहे."

तिने मान वर करून फिरत्या पंख्याकडे बघितलं.

"म्हणजे संगणकाची वीज. ती वेगळी असते. आतली."

पाटीवरची पेन्सिल कर्रकर्र वाजली. तो आवाज माझ्या मणक्यातून खाली उतरला. "मग प्रत आणा. बँकेतून."

"आज शनिवार. बँक बंद."

"पहिला शनिवार. चारपर्यंत उघडी."

"किल्ली..."

तिने कमरेचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. लॉकरची किल्ली सगळ्यात वर.

"सुभानरावांच्या तिजोरीतली आणतो," मी म्हणालो, आणि उठलो. तर दारात सुभानराव उभे.

"कसली तिजोरी रे?"

मी परत बसलो. माझ्याकडे अजून गोष्टी होत्या. सत्तर वर्षांत त्या कधी संपल्या नव्हत्या. मुंगूस होतं, वायर कुरतडणारं. व्होल्टेज होतं. पुण्याचं कुरियर होतं, वाटेत भरूचला नर्मदेत पडलेलं. ते कुरियर मला बुडताना दिसायलाही लागलं होतं. तोंड उघडलं आणि त्यातलं एकही बाहेर येईना. घसा असा बंद झाला की वाटलं, हिला तीन वर्षं असंच होत असेल.

"प्रेमला," मी म्हणालो, "एकही प्रत नाही. कधी केलीच नाही. आणि आज मी सगळं पुसलं. तुझा आवाज माझ्या हाताने गेला."

सुभानराव दारात चप्पल काढत होते, ते एका पायावर तसेच राहिले.

प्रेमलाने पाटी पुसली. सावकाश, चारी कोपरे. मला वाटलं आता ती काय लिहील, ते वाचून मी जगणार कसा? पण तिने लिहिलं नाही. उठून स्वयंपाकघरात गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. परत आली ती साबुदाण्याचा डबा घेऊन. हात घालून तिने प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली एक वस्तू वर काढली, तसे चार दाणे जमिनीवर उडाले. वस्तूला सुतळीने एक लाल पुठ्ठा बांधला होता.

तो पुठ्ठा माझाच. निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून रिफायनरीतून आणलेला. यंत्रावर काम चालू असताना कुणी ते चालू करू नये म्हणून लटकवतात तो. 'धोका. हात लावू नका. काम चालू आहे.' खाली नावाची जागा. तिथे मास्तरणीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: प्रेमला. आजची तारीख.

"सकाळी तू बाजव्याला गेलास ना," सुभानराव खाली बघत म्हणाले, "तेव्हा वहिनींनी बोलावलं. तुझी डिस्क काढली, माझी जुनी भंगारातली बसवली. तू पुसलीस ती माझी. एक स्क्रू मात्र सापडला नाही रे."

मी खिशातून स्क्रू काढून टेबलावर ठेवला. तो गडगडत परत खाली गेला.

"पण तुला कळलं कसं?" मी तिला विचारलं.

पेन्सिल चालली. "उघडायच्या आधी तोडून वेगळं करा, टॅग लावा. पस्तीस वर्षं जेवताना हेच ऐकलं." मग खाली, "आणि मगरीची गोष्टही चाळीस वर्षं ऐकते आहे. तुमचे तीन म्हणजे किती, मला ठाऊक."

मी डिस्ककडे हात नेला. तिने माझ्या मनगटावर पाटी आपटली. बरोबरच होतं. टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा, हाही माझाच नियम. तिने लिहिलं, "आधी तीन प्रती. माझ्यासमोर."

पुढचे दोन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. साबुदाण्याच्या डब्यात राहिलेली डिस्क चालेल याची हमी कोण देणार? सुभानरावांनी ती नुसत्या दोन वायरींनी बाहेरच जोडली. ती कुरकुरली, थांबली. माझा श्वासही थांबला. "ए तो थाय, होतं असं," सुभानराव पुटपुटले, पण त्यांच्याही कपाळावर घाम होता. मग पुन्हा फिरली. पेनड्राइव्हवरच्या मिंटनेच ती उघडून दाखवली, एक ते एकशे चौदा. मी मोजल्या. प्रेमलाने मोजल्या. तीन प्रती केल्या, प्रत्येकीवर तिने चिकटपट्टी लावून आकडा घातला, आणि मगच कात्रीने सुतळी कापली.

साडेसहाला एकसष्टावी लावली. आधी नुसती खरखर. मग माईक सरकवल्याचा आवाज. मग, "अहो, तो मगरीचा थिल्लरपणा पुरे झाला. भाजीवाला वाट बघतोय, पिशवी घेऊन जा आधी."

मी उठून खरंच पिशवी घ्यायला निघालो होतो. सुभानरावांनी मला धरून बसवलं.

आता एक प्रत लॉकरमध्ये आहे, एक ध्रुवकडे, एक सुभानरावांकडे गव्हाच्या कोठीत, कारण तिजोरी त्यांनी अजून घेतलेली नाही. हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. कुणी विश्वास ठेवत नाही. बँकेतल्या बाई तर म्हणाल्या, "काका, मगर पण लॉकरमध्येच छे का?" संगणकावर मिंट आहे, चांगलं चालतं. पण बटणाला तो लाल पुठ्ठा अजून बांधलेला असतो. शनिवारी साडेतीनला प्रेमला येते, तो काढते, आणि तोवर मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसतो.