वेगळ्या खणातला पक्षी

पाच दिवस झाले तरी पक्षी मांसाला शिवत नव्हता, आणि पक्ष्यांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण आता स्वतःवरच चिडली होती. पंखाचं हाड जुळत आलं होतं, घशात काही अडकलेलं नव्हतं. पिंजऱ्यावरच्या कार्डावर तिनेच ठळक अक्षरांत ‘बाज’ लिहिलं होतं. शेपटीवर आडवे पट्टे, पिवळा डोळा, आकडेदार चोच, आणखी काय हवं? उंदराचे तुकडे चिमट्याने भरवले तर तो ते उलटून टाकायचा. नऊशे ग्रॅमचा पक्षी सातशेवर आला होता. आणखी दोन दिवस असेच गेले तर सगळं संपणार, हे तिला पक्कं कळत होतं.

शेवटी ती गुमान घरी गेली आणि सासूबाईंना घेऊन आली.

सासूबाईंनी छत्तीस वर्षं संग्रहालयाच्या पक्षी विभागात काढली होती. कापूस भरलेले पक्षी जातवार खणांत लावायचे, त्यांच्या पायाला चिठ्ठ्या बांधायच्या, आणि शास्त्रज्ञांनी वर्गवारी बदलली की सगळी कपाटं पुन्हा उपसायची. ससाणे बाजांचे सख्खे नव्हेत, पोपटांच्या जवळचे आहेत असं ठरलं, तेव्हा ते हलवताना त्या आठवडाभर कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. आता त्यांची नजर जवळजवळ गेली होती. घरी त्यांनी खणांचा विषय काढला की डॉक्टरीण घड्याळाकडे बघायची. एकदा तर पाहुण्यांसमोर म्हणालीही होती, “आईंचे पेशंट बरे, कधी तक्रारच करत नाहीत.” सगळे हसले होते, सासूबाईसुद्धा.

“मला जिवंत पक्ष्यातलं काय कळतंय गं?” दारातच त्या म्हणाल्या.

“माझं डोकं चालेनासं झालंय, आई. तुम्ही नुसता हात लावून बघा.”

डॉक्टरणीने पक्षी टॉवेलात गुंडाळून घट्ट धरला. सासूबाईंनी बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

“अगं, केवढा गरम आहे हा!”

मग त्यांनी पुन्हा हात पुढे केला. चोच आणि डोळा यांच्यामधल्या जागेवर बोट हळूच फिरवलं, एकदा, दोनदा. नंतर पायाची नखं चाचपली.

“कुणी म्हटलं याला बाज?”

“मीच.”

“बाजाला इथे केसांसारखी राठ पिसं असतात. याला बघ, बारीक खवलेच खवले. गांधीलमाश्या तोंडावर आल्या तरी डंख लागू नये म्हणून. नखंही फारशी वाकडी नाहीत, माती उकरायची आहेत. हा मधुबाज गं, याचा खण वेगळा. पोळ्यातल्या अळ्या खाणाऱ्याला तू उंदीर काय वाढतेस?”

“पण शेपटी, पट्टे...”

“रंगावर गेलीस ना? यांच्यात एकाचा रंग दुसऱ्याला नसतो. आम्हीही एकाला दहा वर्षं भलत्याच खणात ठेवला होता. पण तो बिचारा काही उपाशी नव्हता.”

हे डॉक्टरणीला झोंबलं, पण राग आला नाही. पक्ष्याला पिंजऱ्यात ठेवून ती तशीच गाडी काढून मधमाश्या पाळणाऱ्याकडे गेली आणि अळ्यांनी भरलेला पोळ्याचा हातभर तुकडा घेऊन आली.

तुकडा पिंजऱ्यात ठेवल्यावर पक्षी बराच वेळ ढिम्म हलला नाही. मग एक पाय पुढे टाकला. मान तिरकी करून मेणात चोच घातली, एक अळी ओढून काढली आणि गिळली. मग दुसरी. मग तो पोळ्यावर पाय रोवून भराभर मेण फाडायलाच लागला.

डॉक्टरणीला हुंदका आवरेना. एवढी वर्षं हे ज्ञान तिच्याच जेवणाच्या टेबलावर बसलं होतं, आणि ती घड्याळ बघत होती.

“आई, तुम्ही नसता तर मी याला उपाशी मारला असता. किती वेळा मी तुमचं बोलणं अर्ध्यावर तोडलं. तुमचे उपकार मी...”

“शू! जरा गप्प बस.” सासूबाईंनी पिंजऱ्याच्या जाळीला कान लावला होता. “छत्तीस वर्षांत माझ्या हाताखालून हजारो पक्षी गेले. एकाचाही आवाज ऐकला नाही मी. खातोय ना तो? ऐकू दे मला.”