क्रेनच्या पायाखालचा ठोकळा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. मित्रांनो, ट्रकवरच्या क्रेनचा लांब हात वर गेला की सगळे मान उंच करून बघतात. पण वजन उचलण्याआधी ती दोन्ही बाजूंना लोखंडी पाय पसरते आणि त्या प्रत्येक पायाखाली माझ्यासारखा एक ठोकळा असतो. पायावरचा भार आम्ही जमिनीवर पसरून देतो, म्हणजे पाय रुतत नाही.

एका सुताराने मला जुन्या पुलाच्या तुळईतून कापले आणि दोन्ही अंगांना दोरीच्या मुठी बसवल्या. आम्ही चौघे भाऊ एकाच दिवशी कामाला लागलो.

आमच्या क्रेनचे ऑपरेटर बुटके, जाड चष्म्याचे गृहस्थ होते. काम सुरू होण्याआधी ते दहादा "थांबा" म्हणत, म्हणून लोकांनी त्यांचे नावच थांबाकाका ठेवले होते. ते आधी सगळी जागा पायाखाली घालत, टाच मारून बघत. मग वर विजेची तार कुठे जाते ते पाहत. क्रेनचे पाय पुरते बाहेर काढत, आम्हाला खाली सरकवत, आणि पातळीच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत कुणाशी अवाक्षर बोलत नसत. त्यांची मोठी लेक समोर उभी राहून हाताने खुणा करी. तिने मूठ आवळून वर केली, की काका होते तिथेच थांबत.

एकदा दवाखान्याच्या गच्चीवर पाण्याची लोखंडी टाकी चढवायची होती. जुनी फुटल्यामुळे दोन दिवस सगळे बादल्यांनी पाणी वाहत होते. भिंतीलगत पाय टेकले. काकांनी टाकी वीतभर उचलली आणि नेहमीसारखी तशीच धरून ठेवली. तेवढ्यात माझ्या पोटाखालची माती हलली. माझा एक कोपरा बोटभर खाली गेला. मला कुठे ओरडता येते! पण लेकीची नजर माझ्यावरही होती. तिची मूठ झटकन वर गेली.

काकांनी टाकी अलगद खाली ठेवली. मुकादम धावत आला.

"अहो काका, बोटभर तर दबलंय! पाच मिनिटांचं काम आहे."

"दबलं तेवढं दिसलं. अजून किती दबेल ते दिसत नाही. गाडी हलवतो."

"म्हणजे सगळी दुपार गेली!"

"जाऊ दे."

थोरली नर्स रिकामी बादली घेऊन दारात उभी होती. "काका, आत माणसं पाण्यासाठी खोळंबलीत हो," ती म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. मुकादमाला उडवून लावणे सोपे होते. हिला काय सांगणार?

"ताई, या खिडक्यांच्या आत कोण आहे?"

"बाळंतिणी."

"म्हणून तर."

ती वळली आणि आत जाऊन खिडकीजवळच्या खाटा मागे सरकवू लागली.

गाडी हलल्यावर लेकीने माझ्या जागी पहार रोवली. पहार सरळ तिच्या मुठीपर्यंत आत गेली. खाली कधीकाळी बुजवलेला शोषखड्डा होता. मुकादमाच्या तोंडचे पाणी पळाले. मग त्याने स्वतःच मला उचलून नव्या जागी नेले. संध्याकाळपूर्वी टाकी गच्चीवर बसली. नळाला पाणी आले तेव्हा नर्सने पहिला पेला काकांच्या हातात दिला.

पुढे काकांची नजर मंदावली आणि लेक क्रेन चालवू लागली. एका सकाळी तिने मला उलटे केले आणि माझ्या अंगावरून नख फिरवले.

"बाबा, हा आता नको."

"अगं, किती वर्षांचा सोबती आहे तो."

"असू दे की. तडा गेलाय."

आता मी शेडच्या कोपऱ्यात पडून आहे. माझ्यावर रंगाचे डबे ठेवतात. पहिल्या दिवशी फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, ज्याच्यावर भार टाकायचा, त्याला आधी उलटून बघत जा, तो कितीही लाडका असो. तिने मायेपोटी मला ठेवून घेतले असते, तर एक दिवस मी तिलाच दगा दिला असता.