बर्फाचं स्वस्तिक

या, असं पुढं सरकून बसा. तिकडं भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा या. सतरंजी मोठी आहे. आजची गोष्ट थंडीची आहे, आणि थंडीची गोष्ट लांबून ऐकली की तिची ऊब वाटेतच सांडते. देव देवळात असतो, कीर्तनात तर असतोच असतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं! पण उणे अठरा अंशाच्या गारठ्यात एका पखवाजवाल्याची लाज त्यानं कशी राखली, ते सांगतो. गोष्ट अगदी अलीकडची आहे.

शेवगावच्या अलीकडं रस्त्याला लागून एक लांब पत्र्याची शेड आहे. बायकांच्या गटानं चालवलेली. सीताफळाच्या दिवसांत तिथं चाळीसेक बायका ओळीनं बसतात, फळं फोडतात, बिया वेगळ्या करून गर पिशव्यांत भरतात. त्या पिशव्या मग शेडच्या टोकाच्या गोठवणखोलीत जातात आणि तिथून आइसक्रीमवाल्यांकडं. या खोलीला सगळ्या बायका नुसतं ‘कोल्ड’ म्हणतात, आणि त्या कोल्डचा राखणदार म्हणजे आपला छगन.

छगन पन्नाशीचा. अंगानं काटक, बोलायला कमी. पण काखेत पखवाज आला की हा माणूस वेगळा. पंचवीस वर्षं गावच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला साथ त्याचीच. त्याची थाप पडली की मागं झोप काढणारी म्हातारी माणसंसुद्धा ताठ बसायची.

आता त्याचं दुखणं सांगतो. कोल्डच्या भिंतीला अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पाट्या आहेत, दरवाजाएवढ्या उंच. त्यांच्या पोटातून गॅसच्या नळ्या फिरतात आणि खोली गार होते. पण बायका पिशव्या ठेवायला दार उघडणार, बाहेरची ओलसर हवा आत शिरणार आणि पाट्यांवर बर्फ होऊन बसणार. बर्फाची गोधडी पांघरली की पाटीचा गारवा तिच्या अंगातच राहतो, खोली तापते, आणि पांढराशुभ्र गर काळवंडतो. म्हणून रोज चार वाजता छगन आत जायचा आणि लाकडी फळीनं तासभर बर्फ खरवडायचा. कडेकोपऱ्यात हातमोजे आड यायचे, तेव्हा ते काढून उघड्या बोटांनी. पाच वर्षं हे चाललेलं. बोटं सुजायची, लाल व्हायची, संध्याकाळी खाज सुटायची, आणि पखवाजावर ती आपली वाटायचीच नाहीत.

गेल्या काल्याला तर कहर झाला. वैजनाथबुवा रंगात आले होते, लय चढली, आणि छगनची बोटं मागं राहिली. बुवांनी काय केलं? सहज दृष्टांत सुरू केल्यासारखं करून चाल उतरवली. लोकांना कळलंही नाही. पण छगनला कळलं. आपल्यासाठी बुवांना थांबावं लागलं, हे त्याच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

यंदा श्रावणात त्यानं बुवांना गाठून सांगितलं, “म्हाराज, औंदा पखवाज दुसऱ्या कुनाला द्या.”

बुवा हसले. “काल्याच्या दिवशी बघू. तोवर कुणाला देऊ नको.”

आणि दसऱ्याच्या तोंडावर निवेदिता मॅडम आल्या. नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या, चाळिशीच्या, स्कूटरवर सामान बांधून आलेल्या. त्यांनी एक लेप तयार केला होता. नॅनो म्हणे. गटाचा कारभार बघणारे कारभारीअण्णा आधी बाटलीकडं बघत राहिले, मग मॅडमकडं.

“यानं बर्फ धरत न्हाई?”

“धरतच नाही असं मी म्हणणार नाही, अण्णा. उशिरा धरतो, थोडा धरतो, आणि सैल धरतो. फुंकर मारली तरी सुटतो.”

“म्हंजी भाडेकरू ठिवायचा, पर जा म्हनलं की गेला पायजे!”

“अगदी तसंच,” मॅडम खळखळून हसल्या. “या लेपात डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक उंचवटे असतात. त्यामुळं पाण्याला बसायला जागाच मिळत नाही.”

“अळूच्या पानावानी,” छगन हळूच म्हणाला. मॅडमनी वळून त्याच्याकडं असं बघितलं, जसं वर्गात पहिल्यांदाच कुणी बरोबर उत्तर दिलंय.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, माल उचलून खोली रिकामी झाली तेव्हा, मॅडमनी डाव्या पाटीवर लेप फवारला. उजवी तशीच ठेवली. अण्णांनी अट घातली: मशीन चालू झाल्यापासून आठ दिवस कुठलीच पाटी न खरवडता बघायचं, फरक दिसला तर दोन्ही पाट्यांना लेप, नाही तर खरवडून टाकायचा आणि पुन्हा प्रयोगाचं नाव काढायचं नाही. मॅडमनी छगनला बजावलं, “दादा, याला कुणी हात लावू नका. तुम्हीसुद्धा.”

छगननं मान हलवली. मनापासून हलवली. त्याला त्या पाटीत आपली बोटं दिसत होती.

पण दुसऱ्या दिवशी आली की हो खंडेनवमी! छगननं मशीन पुसलं, उजव्या पाटीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला आणि डाव्या पाटीपुढं येऊन थांबला. नवीन आलेली. घरात नवी सून यावी आणि तिलाच हळदकुंकू लावायचं राहावं? मनात वाद सुरू झाला. मॅडम म्हणाल्या, हात लावू नका. पण हात म्हणजे तेलकट, मातकट हात. देवाच्या कामाचा हात, तो कुठं त्यात आला?

कुंकवात पाणी कालवून त्यानं अनामिका टेकवली. कुंकू घरंगळलं! लाल थेंब मण्यांसारखे टपटप खाली. पुन्हा लावलं, पुन्हा घरंगळलं. लेप आपलं काम चोख करत होता, पण छगनला वेगळीच काळजी. कुंकू ठरत नाही? सणाच्या दिवशी? मग त्यानं काय करावं? नारळाच्या शेंडीनं पाटीच्या मधोमध स्वस्तिकाच्या रेघा-ठिपक्यांपुरतं खसाखसा घासलं, कुंकू गोडेतेलात कालवलं आणि अंगठ्यानं दाबून दाबून स्वस्तिक काढलं. चार ठिपके दिले. ठरलं! त्यानं हात जोडले, मोकळा श्वास घेतला आणि दसरा उलटल्यावर मशीन चालू केलं.

सात दिवस पाटीपुढं पिशव्यांची थप्पी होती. आठव्या दिवशी सकाळी माल हलवला आणि छगनची बायको गोजरबाई, तीही गर काढायलाच असते, आतनं ओरडतच बाहेर आली, “अवो! अवो, या की आत! देव आलाय कोल्डात!”

उजव्या पाटीवर आठ दिवसांचा चार बोटं जाड बर्फ. आणि डावी पाटी जवळजवळ स्वच्छ, तिच्यावर फक्त कापसाच्या धुरळ्यागत पातळ साय. पण मधोमध बर्फाचं जाडजूड, पांढरंशुभ्र स्वस्तिक. चारही ठिपक्यांसकट.

झालं! बायकांनी सुऱ्या खाली ठेवल्या. कुणी नारळ आणला, कुणी उदबत्ती. कारभारीअण्णांनी टोपी सरळ करून दंडवतच घातला, आणि टोपी जमिनीवरच्या बर्फावरून घसरत पलीकडं गेली. उठून त्यांनी जाहीर केलं, “आता या पाटीला कुनी शिवायचं न्हाई. लेप-बिप बास झालं. देवानं जागा धरली हाय. मॅडमना सांगू, प्रयोग दुसरीकडं करा.”

एक आजी छगनच्या पाया पडायला वाकली. “तुज्याच हातचं ना रं स्वस्तिक? भाग्यवान हायेस बाबा.”

खरं सांगतो, छगनला क्षणभर गोड वाटलं. कुणाला वाटणार नाही? गप्प राहिलं असतं तर तालुक्यात नाव झालं असतं. पण गप्प राहायचं म्हणजे उद्या चार वाजता पुन्हा फळी, पुन्हा उघडी बोटं, आणि काल्याला पखवाज दुसऱ्याच्या काखेत. आणि त्याहून वाईट म्हणजे देवाच्या नावावर खोटं. इतकी वर्षं कीर्तनात बुवांच्या मागं उभा राहिलेला माणूस तो. खरं बोलायची वेळ येते तेव्हा पाय कसे लटपटतात, हे ऐकताना त्यानं शंभरदा मान डोलावली होती. आता पाय त्याचे होते.

तेवढ्यात निवेदिता मॅडम दारात, आठवा दिवस म्हणून बघायला आलेल्या. “अहो, दार कशाला उघडं ठेवलंय? आधी लावा ते!” आणि पाटी बघून त्या जागीच थांबल्या. “हे काय?”

“चमत्कार!” अण्णा म्हणाले.

“चमत्कार न्हाई, अण्णा,” छगन पुढं झाला. “देव आपसूक न्हाई आला. मी आनला. मॅडम, तुमी हात लावू नका म्हनला हुता. मी नारळाच्या शेंडीनं घासलं. तेलात कुंकू कालवून लावलं. तुमचा लेप मी नासवला.”

गोजरबाईनं कपाळावर हात मारला. “घरात एक भांडं घासत न्हाईत, आन हितं घासाया गेले!”

मॅडम पाटीजवळ गेल्या. स्वस्तिकावर जोरात फुंकर घातली; बर्फ हलला नाही. मग बाजूच्या पातळ सायीवर फुंकर घातली, आणि ती अख्खी सुटून भुरभुर खाली पडली. मॅडम वळल्या तेव्हा त्यांचे डोळे लकाकत होते. “दादा, मी सहा महिने जे सिद्ध करायला धडपडतेय, ते तुम्ही अंगठ्यानं काढून दाखवलंत!”

अण्णांना काही उमगेना. “म्हंजी काय?”

उत्तर छगननंच दिलं. “अण्णा, पखवाजाच्या मधी काळी शाई असती ना? बोटभर पन जाड न्हाई. ती मधनं खरवडली तर पखवाज बोलंल का?”

“न्हाई बोलायचा.”

“बाकी कातडं तेच, खोड तेच. तसंच हे. जितं मी लेप खरवडला, तितंच बर्फ धरला. जितं ऱ्हायला, तितं न्हाई.”

अण्णांनी पाटीकडं बघितलं, छगनकडं बघितलं, मग हळूच म्हणाले, “पन देव…”

“हायेच की,” गोजरबाई म्हणाली. “त्यानंच तर ह्यांचं तोंड उघडलं. एरवी उघडतंय व्हय कधी?”

कोल्डमध्ये असा हशा पिकला की पत्रे दणाणले. ठरल्याप्रमाणं दोन्ही पाट्यांना लेप लागला. मॅडमनी त्या स्वस्तिकाचा फोटो काढून नेला. आणि नवा नियम झाला: पूजा दरवर्षी, पण दाराच्या चौकटीला.

बर्फ अजूनही थोडा धरतो. छगन मऊ कुंचा फिरवतो, हातमोजे घालूनच, आणि पाच मिनिटांत बाहेर येतो.

मग आला काला. सकाळचं कोवळं ऊन मंडपात उतरलेलं, वर दह्याची हंडी टांगलेली. छगननं पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली, बोटं एकदा मिटून उघडली. सूज नव्हती. वैजनाथबुवांनी लय धरली, चढवली, आणखी चढवली, आणि मुद्दाम मागं वळून बघितलं. थाप त्यांच्याही आधी जाऊन उभी होती! बुवांनी यंदा चाल उतरवली नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि सगळा मंडप उठून विठ्ठल-विठ्ठल करत नाचू लागला. कारभारीअण्णांची टोपी पुन्हा पडली, पण या वेळी कुणी उचलली नाही.

तर मंडळी, एवढंच मागणं आहे. सीताफळाचं आइसक्रीम खाल तेव्हा पहिला चमचा तोंडाजवळ नेताना जरा थांबा. कुठंतरी एखाद्या गार खोलीत, जिथं असला लेप अजून पोचला नाही, तिथं कुणीतरी उघड्या बोटांनी बर्फ खरवडत असेल. त्याच्याही घरी खुंटीला काहीतरी टांगलेलं असेल, वाजायची वाट बघत. त्याची आठवण काढा.